मालेला खासगी जेट न्यायचंय? निघायची वेळ नंतर, आधी विमान कुठे उभं राहणार ते ठरवा

डिस्पॅच_डेस्क:

नमस्कार मंडळी. मी मुंबईत खासगी विमानांच्या परदेशी फेऱ्यांचं नियोजन करते. परमिट, स्लॉट (उतरायची-निघायची ठरवून दिलेली वेळ), इंधन, हँडलिंग (विमानतळावरची जमिनीवरची सेवा), क्रूची हॉटेलं, सगळंच त्यात आलं. दिवाळी उरकली की नाताळ आणि नववर्षाच्या मालदीवच्या चौकशांचा पूर येतो. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "सकाळी किती वाजता निघायचं?" खरं तर तो बराच नंतरचा प्रश्न आहे. प्रवासी उतरल्यावर विमान कुठे ठेवणार हे आधी विचारायला हवं. चार्टर ब्रोकर आणि कंपन्यांच्या ट्रॅव्हल डेस्कवरच्या नव्या मुलामुलींना हे कोणी बसून सांगत नाही, म्हणून हंगामाच्या पुष्कळ आधी हा धागा काढते आहे.

जागा आधी डोळ्यांसमोर आणा. मालेचा वेलाना विमानतळ हुलहुले बेटावर आहे आणि ते बेट म्हणजे जवळजवळ विमानतळच. समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन मीटर उंच, एकच धावपट्टी, तीही उत्तर-दक्षिण. आखातातून, युरोपातून, रशियातून, चीनमधून येणारी मोठाली विमानं तिथेच उतरतात. त्याच बेटाच्या कडेला पाण्यावरून सीप्लेनची ये-जा चालते, आणि सीप्लेनची एवढी मोठी वाहतूक जगात दुसरीकडे कुठे नाही.

सप्टेंबर २०२२मध्ये ३,४०० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद अशी नवी धावपट्टी सुरू झाली. त्याआधी समांतर टॅक्सीवे नव्हता. उतरलेलं विमान टोकाला वळून त्याच धावपट्टीवरून परत यायचं आणि तोवर मागचं विमान हवेत घिरट्या घालायचं. आता जुन्या धावपट्टीचा टॅक्सीवे झालाय. जुलै २०२५मध्ये नवं प्रवासी टर्मिनलही उघडलं. उतरण्याचा प्रश्न यामुळे बराच सुटला. पण २० डिसेंबर ते ५-६ जानेवारी या काळात उभं राहण्याचा प्रश्न उरतोच, कारण जगातल्या निम्म्या श्रीमंतांना त्याच आठवड्यात तिथे जायचं असतं.

हँडलरकडून उत्तर येतं ते साधारण असं: 'टर्नअराउंड मान्य, ओव्हरनाइट पार्किंग नाही.' म्हणजे या, माणसं आणि सामान उतरवा, ठरलेल्या वेळेत निघून जा. न्यायच्या दिवशी पुन्हा या. ही एक ओळ आली की दोन सेक्टरची सहल चार सेक्टरची होते. मुंबई-माले, माले-त्रिवेंद्रम, काही दिवसांनी त्रिवेंद्रम-माले आणि मग माले-मुंबई. मधल्या दोन फेऱ्या रिकाम्या. पण परमिट, स्लॉट, हँडलिंग, इंधन आणि क्रूच्या ड्यूटीचा हिशोब त्यांनाही तसाच लागतो. ब्रोकरने दोन सेक्टरचा भाव आधीच ग्राहकाला सांगून टाकलेला असला, तर नंतरची बोलणी फार कडू होतात. म्हणून कळकळीने सांगते, पार्किंगचं लेखी उत्तर हातात येईपर्यंत कोणालाही शेवटचा भाव देऊ नका.

रिकामं विमान ठेवायला जागा बऱ्याच आहेत. त्रिवेंद्रम सुमारे ६०० किलोमीटर. कोलंबो पावणेआठशेच्या आसपास. श्रीलंकेच्या दक्षिणेला हंबनटोटाजवळचं मत्तला आणखी थोडं पुढे. २०१३मध्ये उघडलेला तो विमानतळ प्रशस्त आहे आणि वाहतूक फार कमी. मालदीवमध्येच राहायचं तर दक्षिण टोकाला गान आणि उत्तरेला माफारू, हनिमाधू. आपलं 'व्हीटी' म्हणजे भारतीय नोंदणीचं विमान असेल तर त्रिवेंद्रम किंवा कोची सोयीचं. परदेशी नोंदणीचं विमान भारतात आणून ठेवायचं तर डीजीसीएची वेगळी परवानगी लागते, तिथे कोलंबो बरं पडतं.

आणि हो, त्रिवेंद्रमलाही पार्किंग मागावं लागतं. मालेहून हुसकलेली सगळी विमानं तिकडेच जातात.

सान्ताक्रूझकर:

छान धागा. एक शंका. ३,४०० मीटरची धावपट्टी, एवढा खर्च करून केलेला विस्तार, मग आठ-दहा छोटी जेट उभी करायला जागा नाही? दुप्पट पैसे मोजले तरी नाही?

डिस्पॅच_डेस्क:

सान्ताक्रूझकर, लांबीपेक्षा पंखांची रुंदी बघा. गल्फस्ट्रीम जी-६५० आपण 'छोटं जेट' म्हणतो, पण त्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत ३० मीटरच्या वर जातात. एअरबस ए-३२०ला जेवढी जागा लागते त्याहून ते फार कमी नाही. त्याच जागेवर दिवसभरात प्रवासी कंपन्यांची चार-पाच विमानं येऊन जाऊ शकतात, प्रत्येकात दीडशेच्या वर माणसं. दहा दिवस हलणार नाही अशा जेटला ती जागा देणं विमानतळाला परवडत नाही. पैशांचं म्हणाल तर आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाकडे पैसे असतात, त्यामुळे पैशांवर कोणी पुढे सरकत नाही. लवकर आणि पूर्ण माहितीनिशी अर्ज करणारा सरकतो. नोंदणी क्रमांक, विमानाचा प्रकार, कमाल वजन, दोन्ही दिवसांच्या वेळा, परतीची तारीख, हे सगळं पहिल्याच अर्जात हवं. "विमान नंतर कळवतो" असं लिहिलेला अर्ज मागेच राहतो.

तुम्ही सान्ताक्रूझचे, म्हणजे मुंबईचं तुम्हाला माहीतच असेल. इथेही गर्दीच्या वेळेत खासगी विमानांवर बंधनं आहेत, पार्किंगही मोजकंच. माले 'सकाळी अकराला या' म्हणतंय आणि मुंबई त्या हिशोबाने सोडायला तयार नाही, हे दरवर्षी होतं. दोन्ही टोकांच्या वेळा एकमेकींत बसवणं हेच माझं रोजचं काम.

कॅप्टन_नाशिककर:

ताई, नेमकं लिहिलंत. मी या मार्गावर उडतो, म्हणून कॉकपिटकडची बाजू सांगतो.

मुंबई-माले साधारण ९०० नॉटिकल मैल, सव्वादोन ते अडीच तास. अंतर काहीच नाही. पण खाली समुद्र आणि पुढे बेट, त्यामुळे इंधनाचा विचार जमिनीवरच्या विमानतळासारखा करता येत नाही. जवळपास दुसरा विमानतळच नसलेल्या बेटासाठी नियम असा आहे की जेटने तिथे पोचल्यावर दोन तास नेहमीच्या उड्डाणाला (क्रूझला) पुरेल एवढं इंधन शिल्लक ठेवावं. माले त्यात बसत नाही, कारण माफारू आहे, हनिमाधू आहे, गान आहे. कागदावर माफारू अल्टरनेट, म्हणजे पर्यायी विमानतळ, टाकला की काम भागतं, १८० किलोमीटरवर तर आहे. पण जरा विचार करा. मालेवर गडगडाटी ढग येऊन बसले किंवा धावपट्टी बंद पडली, तर हवेतली सगळीच विमानं एकाच वेळी त्याच दोन-तीन ठिकाणी वळणार. तिथलं अॅप्रन, म्हणजे विमानं उभी करायची जागा, किती मोठं? म्हणून हंगामात मी कागदावर काहीही असलं तरी त्रिवेंद्रम गाठण्याइतकं इंधन घेऊन निघतो. मधल्या आकाराच्या जेटला ते सहज झेपतं.

याचा आणखी एक मोठा फायदा आहे. मुंबईहूनच मुंबई-माले-त्रिवेंद्रम पुरेल एवढं इंधन भरलं की मालेला बाउझरची, म्हणजे इंधनाच्या टँकरची, वाट बघावी लागत नाही. बेटावर इंधन समुद्रमार्गे येतं, त्यामुळे भावही चढा. आणि टर्नअराउंडची मिनिटं मोजून दिलेली असताना बाउझर पुढच्या ए-३३०कडे गेला तर तुमची वेळ हातची जाते. फक्त लँडिंगच्या वजनाची मर्यादा तपासून घ्यायची.

पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येचा आणि धावपट्टी उत्तर-दक्षिण, म्हणजे वारा आडवा. डिसेंबरमध्ये ईशान्येचा, बराच सुसह्य.

अवांतर, पण सांगायलाच हवं. सप्टेंबर २०१८मध्ये त्रिवेंद्रमहून आलेलं एअर इंडियाचं प्रवासी विमान मालेला बांधकाम चालू असलेल्या नव्या धावपट्टीवर उतरलं होतं. माणसं सुखरूप राहिली. काम चालू असलेल्या विमानतळावर जाताना नोटॅम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) आणि ताजा नकाशा दोन्ही वैमानिकांनी एकत्र बसून वाचायला हवेत. खासगी जेटचा क्रू तिथे वर्षातून एखाद-दोनदा जातो, रोज जात नाही. त्याने हे जास्तच काटेकोरपणे करावं.

लगूनवरून:

मी मूळची रत्नागिरीची, मालदीवमध्ये एका रिसॉर्टवर पाहुण्यांच्या ने-आणीचं काम बघते. विमान उतरलं म्हणजे प्रवास संपला असं तुम्हा लोकांना वाटतं. आमचा प्रवास तिथून सुरू होतो.

सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. सूर्यास्ताच्या आत शेवटचं विमान रिसॉर्टवर पोचून परत आलेलं असावं लागतं, म्हणून लांबच्या बेटावर जाणाऱ्यांनी दुपारी साडेतीनच्या आत मालेला उतरलेलं बरं. मुंबईत मीटिंग लांबली, जेट तीनऐवजी साडेपाचला उतरलं, की पाहुण्यांना रात्र मालेतच काढावी लागते. जेट तुमच्यासाठी थांबतं, सूर्य थांबत नाही.

दुसरं सामान. ट्विन ऑटर या सीप्लेनमध्ये माणशी २० किलो आणि हातातलं ५ किलो असा साधारण नियम आहे. जेटमध्ये वजनाचं कोणी विचारत नाही, त्यामुळे मंडळी मोठमोठ्या बॅगा घेऊन येतात आणि धक्क्यावर निम्मं सामान मागून येणार म्हटल्यावर चेहरे पडतात. आधी कळवा, आम्ही सामानाची वेगळी सोय करतो.

तिसरी गोष्ट डिस्पॅचवाल्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी. माले भारताच्या अर्धा तास मागे. पण पुष्कळ रिसॉर्टं आपल्या बेटावरचं घड्याळ मालेपेक्षा एक तास पुढे ठेवतात, पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून. म्हणजे पाहुणा बेटावरून फोन करून म्हणतो, "चारला निघू", तेव्हा मालेत तीन वाजलेले असतात आणि मुंबईत साडेतीन. तीन माणसं, तीन घड्याळं. प्रत्येक निरोपात कुठली वेळ ते लिहा.

आणि दारू बरोबर आणू नका, देशात आणायला बंदी आहे. कुत्रा तर अजिबातच नाही. जेटमधून लाडका कुत्रा घेऊन निघालेल्या एका कुटुंबाला आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी कसंबसं थांबवलं होतं. कुत्र्यांना मालदीवमध्ये प्रवेशच नाही.

डिस्पॅच_डेस्क:

लगूनवरून ताई, बेटाच्या घड्याळाबद्दल लिहिलंत ते सोन्यासारखं आहे. आम्ही सगळं झुलू वेळेत, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत, लिहितो आणि शेजारी दोन स्थानिक वेळा. उदाहरणार्थ, मुंबई सकाळी ९ म्हणजे झुलू ०३३०. अडीच तासांनी झुलू ०६००, मालेत ११. सीप्लेनला भरपूर वेळ. रिसॉर्टला मात्र यापुढे बेटाची वेळही विचारून घेईन.

हिरवाई:

माहिती चांगली आहे, पण मला हे वाचताना अस्वस्थ वाटलं. आठ माणसांसाठी चार उड्डाणं, त्यातली दोन पूर्ण रिकामी. तेही अशा देशात, ज्याची जमीन समुद्रापासून मीटर-दोन मीटर उंच आहे आणि पाणी वाढलं तर सगळ्यात आधी तोच बुडणार आहे. २००९मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने पाण्याखाली बैठक घेऊन जगाला हेच सांगितलं होतं. मुंबईहून मालेला रोजची प्रवासी विमानं जातात. त्यांतून का जाऊ नये?

डिस्पॅच_डेस्क:

हिरवाई, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि मी तो ग्राहकांसमोर मांडतेही. दोघा-तिघांसाठी चौकशी आली तर बिझनेस क्लासचा पर्याय मी आधी सांगते. सगळे ऐकत नाहीत, काही ऐकतात. रिकाम्या फेऱ्या कमी करणं मात्र माझ्या हातात आहे. एका ग्राहकाला सोडून परतणारं विमान आणि दुसऱ्याला आणायला निघालेलं विमान एकच करता आलं तर दोन रिकामी उड्डाणं वाचतात. त्यासाठी दोन ग्राहकांच्या तारखा जुळाव्या लागतात आणि दोघांनी थोडं मागेपुढे सरकायला हवं. हंगामात अशी एक जरी जोडी जमली तरी मला मनापासून आनंद होतो.

कॅप्टन_नाशिककर:

शिवाय सरळ माफारूला उतरणं हा चांगला उपाय आहे. नूनू अटॉलमधला (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) हा विमानतळ अबू धाबीच्या विकासनिधीच्या पैशांतून झाला. धावपट्टी २,२०० मीटर, बहुतेक जेटना पुरते. ज्यांचं रिसॉर्ट उत्तरेला आहे त्यांनी मालेला उतरून सीप्लेनने पुन्हा उत्तरेला का जायचं? स्पीडबोटीने थेट पोचतात. म्हणजे सूर्यास्ताचं बंधनही पुष्कळ सैल होतं.

लंडनचा_अमोल:

इकडे उन्हाळ्यात इबिझाला अगदी हेच चित्र असतं. स्लॉट स्पेनच्या आयेक्फा या संस्थेकडून, पार्किंग जवळजवळ नाहीच, मग विमानं पाल्मा नाहीतर व्हॅलेन्सियाला जाऊन उभी राहतात. मिकोनोसला सोडलेली अथेन्सला. फरक एवढाच की तिथून मुख्य भूमी पाऊण तासावर आहे, तुमच्याकडे मध्ये शेकडो किलोमीटर समुद्र. एक सांगतो, मिळालेला स्लॉट वापरायचा नसेल तर लगेच परत करा. इकडे स्लॉटचा गैरवापर झाला की दंडापर्यंत गोष्ट जाते. आणि दंड नसला तरी अडवून ठेवलेल्या स्लॉटमुळे दुसऱ्या कोणाचं तरी विमान अडकतं.

डिस्पॅच_डेस्क:

+१ अमोल. 'असू दे हाताशी' म्हणून दोन-दोन स्लॉट धरून ठेवणारे आमच्याकडेही आहेत. त्याचा त्रास सगळ्यांना होतो.

आजारी माणसाला न्यायला आलेल्या विमानासाठी आमची वेळ मागे सरकवली तर मी कधीच वाद घालत नाही. मालदीवमधून उपचारासाठी त्रिवेंद्रम, कोचीला माणसं येतात. क्रूला आणि ग्राहकाला मी आधीच सांगून ठेवते की असं झालं तर शांतपणे थांबायचं.

केतकी_ट्रॅव्हल:

ताई, आमच्या कंपनीच्या मालकांसाठी बघायचं आहे. आठ जण, चॅलेंजर ६०५, मुंबई-माले २७ डिसेंबर, परत ३ जानेवारी. रिसॉर्ट नूनू अटॉलमध्ये. मला कुठून सुरुवात करावी तेच कळत नाहीये.

डिस्पॅच_डेस्क:

केतकी, रिसॉर्ट नूनूमध्ये म्हणजे सगळ्यात आधी माफारू. विमान सात दिवस तिथेच राहू देतात का ते विचार. हो आलं तर मालेचं नावच काढू नकोस. रिकाम्या दोन्ही फेऱ्या वाचतील. रिसॉर्टला विचार, माफारूहून बोटीची सोय आहे का आणि शेवटची बोट किती वाजता. इमिग्रेशन आणि कस्टम्सची माणसं त्या वेळेला तिथे हजर असतील, हे हँडलरकडून लेखी घे. तोंडी 'होऊन जाईल' यावर थांबू नकोस.

नाही आलं तर दुसरा अर्ज मालेचा, टर्नअराउंडचा, आणि त्याच दिवशी त्रिवेंद्रमच्या पार्किंगचा. दोन्ही एकत्र पाठव. माले मिळालं आणि त्रिवेंद्रम नाही, तर मत्तला.

तारखांकडेही बघ. मालदीवमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार असते. २०२६चा नाताळ शुक्रवारी येतोय. म्हणजे तुमच्या २७ तारखेच्या रविवारआधीचे दोन्ही दिवस तिथली कार्यालयं बंद. आपली शनिवार-रविवारची सुट्टी धरली तर दोन्हीकडची माणसं एकत्र कामावर असतील असा शेवटचा दिवस गुरुवार २४. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळं हातात हवं. परतीचंही तेच, १ आणि २ जानेवारी शुक्रवार-शनिवार.

कॅप्टन_नाशिककर:

केतकी, क्रूचंही बघा. मालेला सोडून त्रिवेंद्रमला गेलात तर पहिल्या दिवशी दोन सेक्टर, ते ठीक. पण ३ तारखेला त्रिवेंद्रम-माले-मुंबई आहे. पाहुणे बेटावरून उशिरा निघाले तर ड्यूटीचे तास संपत येतात. वैमानिक थकलेला असताना 'अजून एक तास' म्हणून आग्रह करू नका. पाहुण्यांना निघायची वेळ सांगताना तेवढी जागा आधीच ठेवा.

केतकी_ट्रॅव्हल:

दोघांचेही खूप आभार, वाखु (वाचनखूण) साठवली. अजून एक, मालकांनी विचारलंय की परतताना माणशी काही कर असतो का?

डिस्पॅच_डेस्क:

असतो, आणि तो आधी सांगितलेला बरा. १ डिसेंबर २०२४पासून मालदीवने निर्गमन कर बराच वाढवला. इकॉनॉमीने जाणाऱ्या परदेशी प्रवाशाला ५० डॉलर, खासगी जेटने जाणाऱ्याला माणशी ४८०. आठ जणांचे ३,८४० डॉलर फक्त त्या एका कराचे. लँडिंग, पार्किंग, हँडलिंग वेगळं. भावपत्रकात हा आकडा वेगळ्या ओळीत दाखव.

आणि प्रत्येकाने मालदीवचा ऑनलाइन प्रवासी फॉर्म निघण्याआधीच्या ९६ तासांत भरायचा आहे, तो येताना आणि जाताना दोन्ही वेळेला लागतो. मालकांचा फॉर्म मालक स्वतः भरत नसतात, त्यामुळे पासपोर्टच्या प्रती आत्ताच मागून ठेव. माफारूचं उत्तर आलं की इथेच लिही, मग त्रिवेंद्रमच्या अर्जात काय काय लिहायचं ते सांगते.